हिरव्या शाईचं पेन

"उद्यापासून पोरांच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्सवर साहेबाची सही लागणार नाही," दिल्लीतल्या आपल्या मंत्रालयातून घरी येताच खानविलकर म्हणाले आणि त्यांनी सह्यांचं हिरव्या शाईचं पेन टेबलावर ठेवलं. "प्रत खरी आहे म्हणून ज्याची त्याने सही करायची. माझा प्रस्ताव मंजूर झाला."

त्यांच्या पत्नी नलिनीताई पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्या सोलत होत्या. "चांगलं केलंत. पण मग यंदा पोरं यायची नाहीत हो आपल्याकडे."

हे खानविलकरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दर जूनला त्यांच्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा. त्या सरकारी वसाहतीत जवळजवळ प्रत्येक दारावर अधिकाऱ्याची पाटी होती, तरी पोरं सहीला यायची ती त्यांच्याकडेच. एवढा मान त्यांना ऑफिसातही कधी मिळाला नव्हता. तो आपण आपल्याच हाताने घालवला, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात समोरच्या इमारतीतली चार पोरं उभी होती. खानविलकरांचा हात सवयीने पेनाकडे गेला, पण त्यांनी स्वतःला आवरलं.

"अरे, नियम बदललाय. आता तुमचीच सही चालते."

"माहितीये काका, पेपरात वाचलं," पुढची मुलगी चपला काढत म्हणाली. "सह्या घरीच केल्या आम्ही." आणि त्यांच्या बाजूने आत शिरत तिने हाक मारली, "काकू, पन्हं झालं का?"

खानविलकर दारातून बाजूला झाले. मग पेन खिशाला लावून पेले काढायला गेले.