फ्रेंझीड म्हणजे चंदूमामा

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. प्राप्ती मोरीत उभी. तोंडभर हळद. मोबाईल साबणाच्या फळीवर टेकवलेला, आणि त्यात हेमा मॅडम, घोडबंदर रोडच्या ऑफिसातून तिचा इंटरव्ह्यू घेतायत!

बाहेर मानपाड्यातली अख्खी आळी मांडवात. हळद तिचीच. पण सासरचे म्हणालेले, लग्नाआधी नोकरी लागली तर कर, नंतर शोधत बसायचं नाही. आणि लग्न उद्या! नोकरी घरूनच करायची, कस्टमरशी इंग्लिशमध्ये बोलायचं. ऑफिसची अट एकच, घरात शांतता पाहिजे. म्हणून तिच्या भावाने, संदेशने, वाजवायला आलेल्या बेंजोवाल्यांना मुद्दाम जेवायला बसवलेलं.

"तू पिवळी का दिसतेयस गं?" मॅडमनी विचारलं.

"इथला बल्ब तसलाय, मॅडम."

बाकी सगळं मस्त गेलं. मग शेवटचा प्रश्न. "हॅपी आणि फ्रेंझीड, फरक सांग. पाठ केलेलं नको. माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे."

फ्रेंझीड म्हणजे बेभान, एवढं प्राप्तीला येत होतं. पण डोळ्यांसमोर काय उभं करणार, कप्पाळ? आणि तेवढ्यात बेंजोवाल्यांचं जेवण उरकलं ना! धडाड धडाड! बादलीतलं पाणीपण नाचायला लागलं.

"हा कसला आवाज?"

झालं! आता लपवणार काय? तिने सरळ मोरीची खिडकी उघडली आणि मोबाईल बाहेर धरला.

"मॅडम, त्या टाळ्या वाजवतायत ना, त्या मनुबाई, नवरीची आजी. त्या हॅपी. आणि तो खुर्ची दातात धरून नाचतोय ना, तो चंदूमामा. चप्पल कुठेय, पत्ता नाही. शर्ट कुठेय, पत्ता नाही. मामी मागून खेचतेय, त्याचापण पत्ता नाही. तो फ्रेंझीड!"

मॅडम एवढ्या हसल्या की त्यांचा हेडफोनच खाली पडला. "अगं, आणि नवरी कुठेय?"

"ती जरा कामात आहे, मॅडम."

"रोज असतं का हे?"

"नाही नाही! उद्या नवरी गेली की सगळं शांत."

"मग झालं तर! सिलेक्टेड! ट्रेनिंग उद्या दुपारी. कॅमेरा चालू पाहिजे हां. नाही आलीस तर नोकरी दुसऱ्याला."

आणि ही बावळट खुशीत "येस मॅडम" बोलून बसली!

मुहूर्तपण उद्या दुपारचाच! अंतरपाटाच्या अलीकडे ही, पलीकडे नवरा. खरं सांग, तू काय केलं असतंस?