आत्याचं मत

भावाच्या घरी राहायला आल्यापासून आत्याला कुणी काही कमी पडू दिलं नव्हतं. फक्त तिला कुणी काही विचारत नसे. पडदे बदलले, तिची खोली भाचीला अभ्यासाला दिली, तिचा पलंग जिन्याखाली आला. सगळं तिला झाल्यावरच कळलं. बोलायला तोंड उघडलं, की वहिनी मायेनंच म्हणायची, "वन्सं, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?"

त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मैदानात प्रचारसभा होती. बघू तरी काय म्हणतायत, म्हणून आत्या एकटीच जाऊन बसली. भाषण आटोपून उमेदवार खाली उतरला आणि खुर्च्यांच्या रांगेतून हात जोडत निघाला. आत्यापुढे येऊन तो थांबला, कमरेत वाकला आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मावशी, मला बाकी काही नको. फक्त तुमचं मत हवंय."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली.

मग तिने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बस इथे. असं उभ्या उभ्या नाही सांगता यायचं."