झाकणावरची रेघ

रेघ तुटली होती.

काल लॅबमधून निघताना आरोहीने बाटलीच्या झाकणापासून मानेपर्यंत पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली होती. आज सकाळी तिचे दोन तुकडे समोरासमोर येत नव्हते. कुणीतरी बाटली उघडून पुन्हा बंद केली होती.

बाटलीत लिग्निनचं द्रावण होतं. निपाणीकडच्या शेतात पानं खुडून झाल्यावर तंबाखूची धाटं उरतात. त्यांना ताठ ठेवणारं द्रव्य म्हणजे लिग्निन. द्रावणात त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. नमुन्यातून लेझर सोडला की गुठळ्या केवढ्या आहेत ते यंत्र सांगतं. गुठळ्या झाल्या नाहीत, तर त्यापासून प्लायवुडचा डिंक करता येईल.

गेले वर्षभर यंत्राला आरोहीच्या नमुन्यात गुठळी दिसली नव्हती. या आठवड्यात अचानक गुठळ्या दिसू लागल्या.

शुक्रवारी समितीसमोर याच बाटलीतून मोजायचं होतं. फेलोशिप एकालाच वाढवून मिळणार होती. तिला किंवा वीरेंद्रला.

"त्यानंच काहीतरी मिसळलंय," लॅबशेजारच्या खोलीत डबा उघडताना ती मैत्रिणीला, नीलमला म्हणाली.

नीलम हसली. "वीरेंद्र? घरातनं पाणी फडक्यानं गाळून आणतोय, दिवस मावळायच्या आत जेवतोय. मुंगीला वाट देणारा माणूस गं त्यो!"

"तसलीच माणसं लई खोल असतात."

"बरं बाई, पोलीस. आधी हात धुऊन ये, नखात निळी शाई हाय. भाकरीला लागंल."

आरोही हात धुऊन आली. पण जेवणात तिचं लक्ष नव्हतं. वीरेंद्र पलीकडच्या टेबलावर बसून काचेतून लॅबमधल्या तिच्या बाटलीकडे बघत होता. तिने पाहिल्यावर त्याने मान खाली घातली.

दुपारी सगळे चहाला गेले. आरोही जिन्यापर्यंत जाऊन परत फिरली आणि दाराच्या काचेतून आत बघत राहिली.

वीरेंद्रने तिची बाटली उघडली. खिशातून सिरिंज काढली. तपकिरी पाणी थेंबाथेंबाने आत सोडलं.

ती आत गेली नाही. धावत जाऊन दोघांच्याही गाइड असलेल्या प्रिया मॅडमना घेऊन आली.

"बघा मॅडम, तुम्हीच बघा!"

मॅडमचा आवाज चढला. "वीरेंद्र, काय घातलंस त्यात?"

तो दचकला नाही. सिरिंज टेबलावर ठेवून म्हणाला, "तिचंच हाय, मॅडम."

"खोटं बोलतोय!"

"आम्हा जैनांत पाणी गाळलं की फडक्यावर उरलेलं टाकत न्हाईत, त्यात जीव असतात. ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत परत सोडतात." त्याने खिशातून एक लहान चपटी चकती काढली. सिरिंजच्या टोकाला लावायची गाळणी होती ती. "तिनं टाकलेल्या गाळण्या कचऱ्यात बघितल्या. सगळ्यांवर तपकिरी थर. उलट्या बाजूनं धुतल्या आणि निघालं ते परत सोडलं. तेवढंच."

"अरे, धूळ जावी म्हणून आपण सगळेच नमुना गाळतो," मॅडम म्हणाल्या.

"तेच तर!" आरोही म्हणाली. "मी धुळीसाठीच गाळून बाटलीत भरते."

"माझ्या गाळण्या पांढऱ्याच राहतात, मॅडम."

मॅडमनी हात पुढे केला. "आपल्या गाळण्यांची भोकं मोठी असतात. त्यातून लिग्निनच्या गुठळ्या निघून जातात, अडकत नाहीत. त्याहून बारीक गाळणी आपण कधी मागवलेलीच नाही. दे बघू इकडं."

त्यांनी चकती खिडकीच्या उजेडात धरली. भोकाचं माप प्रत्येक गाळणीच्या कडेला निळ्या शाईत छापलेलं असतं. या चकतीवरचं माप कुणीतरी खरवडून काढलं होतं.

मॅडमनी वळून आरोहीकडे पाहिलं. तिने अंगठ्याचं नख मुठीत मिटून घेतलं होतं.