सात हजारांचं दार

दाराबाहेर एक खुर्ची, एक पाण्याचा जार आणि बोट ठेवायची एक खाच होती. काचेपलीकडे हेरंब होता. उद्या त्याला नवी अस्थिमज्जा मिळणार होती. मग महिनाभर कुणालाच आत सोडणार नव्हते.

त्याच्या बहिणीने, ऊर्मिलाने, खाचेत बोट ठेवलं. दाराने तिच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी मोजल्या: ८,२००. सात हजारांच्या वर संसर्गाची शंका, म्हणून दार उघडलं नाही.

"जिन्याने धावत आलीस ना, ताई?" स्पीकरमधून हेरंब म्हणाला.

"लिफ्टला रांग होती. मला साधी सर्दीही नाही रे!"

"धावलं, घाबरलं तरी या पांढऱ्या पेशी वाढतात. दाराला फरक कळत नाही. बस जरा."

"तुला काय जातंय! आता आणखी एकदाच मोजणार ते दार."

"तुझ्या स्कूटरवर मागे बसायचो तेव्हा माझ्या मोजल्या असत्या, तर यंत्रच जळालं असतं."

ऊर्मिला हसली. पाणी पिऊन ती अर्धा तास शांत बसली. मग खाचेत बोट ठेवताना तिने काचेतून पाहिलं. हेरंब आता हसत नव्हता.

आकडा आला: ७,०४०.