मानेवरची लाली

१९८८ साल. लेकाला पहिली नोकरी लागली म्हणून बापाने वाइनची बाटली उघडली. लेकाने आयुष्यातला पहिला घोट घेतला आणि मानेपासून कानांपर्यंत लालबुंद झाला.

"अरे, हा तर दुसरा टोमॅटो!" काका ओरडला. सगळे खो खो हसले.

टोमॅटो म्हणजे बापाचा जिवलग मित्र, फोटोग्राफर. एका घोटात लाल व्हायचा. बापाचं लग्न नवं होतं तेव्हा तो याच घराच्या माडीवर भाड्याने राहत असे. मग एकाएकी परगावी निघून गेला.

बाप हसला नाही.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. नंबर बदलायला आलेल्या डॉक्टरांना त्याने सहज विचारावं तसं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "दारू पचवणारं एक एन्झाइम असतं. काहींचं जन्मतः अधू असतं, म्हणून चेहरा पेटतो. आई नाहीतर बाप, कुणातरी एकाकडून येतं ते." घरी येऊन त्याने हे बायकोला ऐकवलं.

बाप दोन पेग घेई, चेहरा जसाच्या तसा. बायकोने कधी थेंबही चाखला नव्हता.

घरात जुने अल्बम निघाले. फोटोंतलं लेकाचं नाक, हनुवटी, बोटं तो दुकानातल्या भिंगाखाली धरून बघू लागला. लेकाशी बोलणं तुटलं.

"टोमॅटो का गेला गं घर सोडून?"

"मला काय माहीत? मित्र तुमचा."

"माझाच ना?"

शेवटी लेकानेच विचारलं, "आई, बाबांचं मी काय बिघडवलंय?"

तिने इस्त्री बाजूला ठेवली. कपाटातली बाटली काढली, पेला भरला आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अगं, हे काय भलतंच?"

"आईकडूनही येतं म्हणाले ना डॉक्टर? मग बघा."

पेला रिकामा झाला. दोघंही थांबले. आधी तिच्या गळ्याशी एक डाग उमटला. मग गाल तापले, कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

बाप मटकन खाली बसला. "गाढव आहे मी, शुद्ध गाढव!" म्हणत त्याने लेकाला हाक मारली, पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडला.

पुढे त्याने दुकानाच्या पाटीवर 'आणि चिरंजीव' असं रंगवून घेतलं. लेकाचा हात हातात घेऊनच तो समाधानाने गेला. टोमॅटो परगावीच नातवंडांत रमला आणि तिथेच वारला. लेक दुकान चालवतो, दारूच्या वाटेला जात नाही.

पेला रिकामा केला त्या संध्याकाळी आई दार लावून कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिली. लाली आईकडून आली असू शकते, एवढंच त्या पेल्याने सांगितलं होतं. लेकाचा बाप कोण, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.