चाळीस अंगठे

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे गावोगावचे वाचक-वर्ग विद्युल्लताबाईंच्या हाताखाली चालायचे. पौषातल्या एका दुपारी त्या पोशेऱ्याच्या समाजमंदिरात पोचल्या, तर आत चिटपाखरू नाही. हजेरीपत्रकावर मात्र चाळीस निळे अंगठे.

“गाव दिवाळीनंतरच वीटभट्ट्यांवर गेलंय, मॅडम,” त्यांचा सहायक प्रसाद पुटपुटला. “अंगठे माझेच आहेत. चाळीसही.”

बाईंचं डोकं फिरलं. “खोटी हजेरी लावलीत ती लावलीत, वर अंगठे? पुस्तकं वाचायला येणाऱ्या एकालाही सही येत नाही, हे तुम्ही ठरवून टाकलंत?”

“चाळीस सह्या वेगवेगळ्या काढाव्या लागल्या असत्या, मॅडम.”

“मग या चाळीस जणांना मी आज शिकवणारच! मांडा पुस्तिका!”

प्रसादने सतरंजीवर ओळीने चाळीस पुस्तिका मांडल्या आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला. बाई फळ्यापुढून कडाडल्या, “सातवं पान उघडा!”

पानं सळसळली.

“खिडक्या लावा आधी!”

“लावलेल्याच आहेत, मॅडम.”

बाई तणतणत पुढे झाल्या. पहिली पुस्तिका सातव्या पानावर उघडी होती. शेजारचीही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ओल्या शाईचा अंगठा होता.

“हासुद्धा तुमचाच प्रताप ना?” असं ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. एक अंगठा नाजूक होता, एकावर विळ्याचा जुना वण होता. चाळिसांतला एकही दुसऱ्यासारखा नव्हता.