सहीखालची रेघ

अनोळखी माणसाचा फोटो काढला तरी मी आधी संमतीपत्रावर सही घेतो. आईची मात्र मीच ठोकून दिली. घरच्या माणसाला काय विचारायचं! मी फोटो देतो त्या एजन्सीने तिचा फोटो वृद्धाश्रमाच्या जाहिरातीला विकला. आता बसस्टॉपवर तिच्या हसऱ्या चेहऱ्याखाली लिहिलंय, “मुलांवर भार नको.” तीन दिवस मी तिला लांबच्या रस्त्याने दवाखान्यात नेतोय. आज शेजारच्या काकूंनी जिन्यातच तिला विचारलं, “बसस्टॉपवर तुमचा फोटो पाहिला. कधी जाताय आश्रमात?” घरात शिरताच आई म्हणाली, “सगळ्यांकडून कागद घेतोस ना? माझा दाखव.” चष्मा लावून तिने मोठ्याने वाचलं, “कुठेही, कशासाठीही, कायमची परवानगी.” मग सही न्याहाळली. “मी सहीखाली रेघ मारते. एवढंही ठाऊक नाही?” “आई, उद्याच बोर्ड उतरवतो.” “आणि सही? पकडला जाशील.” तिने माझ्या खिशातलं पेन काढून रेघ ओढली. “आता माझी बॅग काढून दे.”